एवढंसं चिन्ह, पण मागायचं कुणाकडून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सॉफ्टवेअरवरचा जो लेख आला होता त्यात एक वाक्य होतं, की हल्लीचे प्रोग्रामर वेबसाइटचं बारकंसं चिन्ह आणायलासुद्धा आयती लायब्ररी (दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड) लावतात, जे काम खरं तर एका ओळीत होतं. बाकी लेख चांगला होता, उगाच नावं ठेवत नाही, पण हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. कारण ती एक ओळ मला माहितीय. मी स्वतः ती लिहिलीय आणि नंतर काढून टाकलीय, आणि का काढायला लागली ते तुमच्या वाचकांपर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं तर कापा पण मधला भाग तेवढा ठेवा.

आधी चिन्ह म्हणजे कुठलं ते सांगते. ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब उघडे असले की प्रत्येक टॅबच्या डाव्या टोकाला जे चौकोनी चित्र दिसतं ना, ते. फॅव्हिकॉन म्हणतात त्याला. टॅब जास्त झाले की नावं दिसेनाशी होतात आणि मग आपण निव्वळ त्या चित्रावरून ओळखतो की मेल कुठला, बँक कुठली, पेपर कुठला. हे पहिल्यांदा आलं मार्च १९९९ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये. त्यात बुकमार्कला, म्हणजे पुन्हा उघडायला साठवून ठेवलेल्या पानाला, फेव्हरिट म्हणायचे म्हणून फेव्हरिटचा आयकॉन तो फॅव्हिकॉन. साइटवाल्याने फॅव्हिकॉन डॉट आयसीओ नावाची फाइल साइटच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ठेवायची, आणि वाचकाने पान बुकमार्क केलं की ब्राउझर जाऊन ती फाइल मागायचा. आता हे नीट लक्षात घ्या, की ब्राउझर तेव्हा ती फाइल बुकमार्क करतानाच मागायचा, त्यामुळे साइटवाले आपल्या सर्व्हरच्या नोंदी उघडून ती फाइल किती वेळा मागितली गेली ते मोजायचे आणि आपल्याला किती लोकांनी बुकमार्क केलंय याचा अंदाज त्यांना यायचा. वाचकाने कुणाला काही सांगितलेलं नसायचं. त्याच्या ब्राउझरने एक चित्र मागितलं एवढंच, आणि मागण्यातूनच बातमी पोचली. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता ती एक ओळ. काही बड्या कंपन्यांच्या फुकट सेवा आहेत, त्यांच्या पत्त्याच्या शेवटी तुम्ही हव्या त्या डोमेनचं, म्हणजे साइटचं, नाव चिकटवायचं की त्या साइटचं चिन्ह हजर. पानाच्या कोडमध्ये चित्र दाखवायला जी खूण लिहितात, इमेजचा टॅग, तिच्यात तो पत्ता टाकला की काम फत्ते. खरंच एक ओळ लागते, लेखकाचं त्यात काही चुकलेलं नाही.

मी ती लिहिली तेव्हा आमच्या कंपनीत एक आतल्या वापरापुरतं टूल बनवत होते, सगळ्यांनी कामाच्या लिंक एका जागी जमवायच्या, असं. यादी नुसत्या अक्षरांची रुक्ष दिसत होती म्हणून प्रत्येक लिंकच्या शेजारी तिचं चिन्ह आणलं, ती एक ओळ टाकली, यादी एकदम जिवंत दिसायला लागली, सगळे खूश, मीही पुढच्या कामाला लागले. काही महिन्यांनी शेजारी बसणारी मैत्रीण भलत्याच कशासाठी तरी ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पान कुणाकुणाकडे काय मागतंय ते दाखवणारा) उघडून बसली होती, तिने मला हाक मारली, "अगं, हे बघ जरा, हे सगळं बाहेर का चाललंय?" मी जाऊन बघितलं तर खाली खाली सरकणाऱ्या यादीत आमच्या आतल्या सर्व्हरची नावं एकामागून एक त्या बाहेरच्या सेवेच्या पत्त्याला चिकटून जात होती. टेस्टिंगचा सर्व्हर, पगाराचं टूल, दोन ग्राहकांच्या नावाने असलेली मशिनं, आणि एक प्रॉडक्ट जे तोवर जाहीरच झालेलं नव्हतं ते. टूल उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमधून, आणि कॅश, म्हणजे ब्राउझरने जवळ ठेवलेली प्रत, संपली की पुन्हा. आणि या नावांच्या बदल्यात आम्हाला काय मिळत होतं तर एक राखाडी पृथ्वीचा गोळा, कारण बाहेरच्या सेवेला आमच्या आतल्या साइट दिसतच नाहीत, ती चिन्ह आणणार कुठून? त्या दिवशी मला घरी जाईपर्यंत चैन पडलं नाही.

ती कंपनी त्या नावांचं काही करते असं मी म्हणत नाही. मला ते बघता येत नाही आणि हाच तर प्रश्न आहे, की एकदा दिलेलं नाव परत घेता येत नाही आणि पुढे त्याचं काय झालं तेही आपल्याला कळत नाही. आमची तरी सर्व्हरची नावं होती. हीच ओळ जेव्हा लोकांच्या खासगी बुकमार्कच्या अ‍ॅपमध्ये, पासवर्ड साठवायच्या अ‍ॅपमध्ये किंवा बातम्या गोळा करून दाखवणाऱ्या रीडरमध्ये असते तेव्हा बाहेर जातो तो त्या माणसाचा आख्खा संसार. कुणी एखाद्या आजाराची माहिती देणारी साइट साठवलेली असते, कुणी नोकरी शोधायची, कुणी घटस्फोटाच्या वकिलाची. शेजारी चिन्ह दिसावं म्हणून ही यादी त्याच्या आयपी पत्त्यासकट (इंटरनेटवरच्या त्याच्या जोडणीचा नंबर) तिसऱ्याच कुणाच्या तरी हातात जाते, आणि त्या माणसाला कुणी विचारलेलंसुद्धा नसतं. तो बिचारा म्हणेल, चित्र छान दिसतंय.

आणि चिन्हांचा असा वापर होऊ शकतो का, तर होऊ शकतो हे दाखवूनही झालंय. २०२१ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की त्या वेळच्या बऱ्याच ब्राउझरमध्ये फॅव्हिकॉनची कॅश वेगळी ठेवलेली असायची, ती कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची चिठ्ठी) आणि इतिहास पुसला तरी शिल्लक राहायची, त्यामुळे ब्राउझरला एकापाठोपाठ एक बऱ्याच पत्त्यांवरून फिरवून कुठलं चिन्ह तो मागतो आणि कुठलं मागत नाही एवढं बघितलं तरी त्या माणसाची ओळख पटवता येत होती. चित्र न मागणं हीसुद्धा माहितीच झाली.

मग करायचं काय? चिन्ह ज्याचं आहे त्यालाच मागायचं. आपल्या सर्व्हरने त्या साइटकडे एकदा जायचं, चिन्ह आणायचं, आपल्याकडे जपून ठेवायचं, आणि नंतर आपल्या सगळ्या वाचकांना आपल्याच घरातून द्यायचं. म्हणजे त्या साइटला फक्त आपला सर्व्हर दिसतो, आणि मध्ये तिसरा कुणी नाहीच. (काही जण साइटवरच्या चिन्हाचा पत्ता थेट आपल्या पानात डकवतात, तेही नको, कारण मग प्रत्येक वाचकाचा ब्राउझर प्रत्येक साइटला हजेरी देत बसतो.) आणि हे नीट करायला लागतं तेच मुळी ती छोटी लायब्ररी. मी वापरते तिचं नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात वाटेल, आणि अशा लायब्रऱ्या प्रोग्रामिंगच्या प्रत्येक भाषेत दोन-चार सापडतात. मी वापरते ती साडेतीनशे ओळींची आहे. एका ओळीच्या जागी साडेतीनशे ओळी का, हे लेखकाने विचारलं असतं तर मी आनंदाने सांगितलं असतं. आता इथे सांगते.

लायब्ररी आधी पान मागते. नुसतं मागितलं म्हणजे मिळालं असं नाही, साइट तुम्हाला दुसरीकडे पाठवते, तिथून तिसरीकडे, तेव्हा शेवटी कुठल्या पत्त्यावर पोचलो ते लक्षात ठेवायला लागतं कारण पुढचे अर्धवट पत्ते त्याच्यावरून पूर्ण करायचे असतात, पहिल्यावरून नाही. त्यात कुणी पानात बेस नावाचा, अर्धवट पत्ते कशावरून पूर्ण करायचे ते सांगणारा, टॅग टाकलेला असला तर तो हिशोबही बदलतो. मग पानाच्या हेडमधले, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या भागातले, लिंकचे टॅग वाचायचे आणि त्यात रेल या जागी, जिथे लिंक कशाची ते सांगतात, काय लिहिलंय ते बघायचं. तिथे आयकॉन असतं, शॉर्टकट आयकॉन असतं (यातला शॉर्टकट हा शब्द जुन्या काळापासून लोक लिहीत आलेत म्हणून चालवून घेतात, त्याला स्वतःचा अर्थ काही नाही), आयफोनसाठी अ‍ॅपल टच आयकॉन असतं. आणि मास्क आयकॉन असतं, हे बघा हे महत्त्वाचं आहे, कारण मी आधी स्वतः लिहिताना घाईत आयकॉन हा शब्द कुठेही सापडला की घ्या असं लिहिलं होतं आणि आमच्या यादीत निम्म्या ओळखीच्या साइट काळ्या ठिक्कर दिसायला लागल्या. मास्क आयकॉन हे सफारीच्या पिन केलेल्या टॅबसाठी दिलेलं एकरंगी काळं चित्र असतं, रंग ब्राउझरने भरायचा असतो. लायब्ररी लिहिणाऱ्याला हे माहीत होतं, तिच्यात त्यासाठी एक ओळ आहे, आणि त्या एका ओळीमागे त्या माणसाची एक आख्खी संध्याकाळ गेली असणार हे मला ती वाचताना कळलं.

एकाहून जास्त चिन्हं दिलेली असतात तेव्हा कुठलं घ्यायचं? सारखीच लायक असतील तर एचटीएमएलच्या (वेबपानं जिच्यात लिहितात त्या भाषेच्या) नियमाप्रमाणे सगळ्यात शेवटचं. मला कायम वाटायचं पहिलं. मॅनिफेस्ट नावाची वेगळी फाइल असते, तिच्यात मोठी चिन्हं असतात, १९२ पिक्सेलचं आणि ५१२ चं, तीही उघडून बघायला लागते. यातलं काहीच सापडलं नाही की मग सगळ्यात शेवटी त्या १९९९ च्या जागी जायचं, सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये फॅव्हिकॉन डॉट आयसीओ आहे का बघायला. अजून असते ती बऱ्याच ठिकाणी.

आणि चिन्ह मिळालं म्हणजे ते चिन्हच आहे कशावरून? सर्व्हर म्हणतो २००, म्हणजे सगळं ठीक. सोबत लिहून देतो की हे चित्र आहे. आणि आत बघावं तर "हे पान सापडलं नाही" असं सांगणारं वेबपान. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता सर्व्हरच्या शब्दावर विश्वासच ठेवत नाही. फाइल उघडून पहिले बाइट, म्हणजे फाइल ज्यांची बनते ते आकडे, बघायचे. पीएनजी (चित्राच्या फाइलचा एक प्रकार) असेल तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या बाइटला पी, एन, जी ही अक्षरं सरळ वाचता येतात. आयसीओ असेल तर शून्य, शून्य, एक, शून्य. वेबपान असेल तर अँगल ब्रॅकेट. लायब्ररी हेच करते, शिक्का बघत नाही, माल बघते.

आयसीओची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या एका फाइलच्या पोटात बरीच चित्रं असू शकतात, १६ पिक्सेलचं, ३२ चं, ४८ चं, आणि सुरुवातीला त्यांची यादी असते, प्रत्येक चित्रासाठी १६ बाइटची एक नोंद. त्यात रुंदीला एकच बाइट दिलाय. एका बाइटमध्ये आकडा मावतो २५५ पर्यंत. मग २५६ रुंदीचं चित्र आलं की काय लिहायचं, तर शून्य. म्हणजे शून्य दिसलं की २५६ समजायचं. आमची लायब्ररी ते शून्यच समजत होती, त्यामुळे फाइलमधलं सगळ्यात मोठं आणि स्वच्छ चित्र ती रिकामं म्हणून टाकून द्यायची आणि ४८ वालं ताणून दाखवायची, सगळं धुरकट. दोन रात्री मी शोधत होते की धुरकट का दिसतंय. तिसऱ्या दिवशी बाइट एकेक करून कागदावर उतरवले तेव्हा लक्षात आलं. एका अटीची दुरुस्ती होती, मी लिहून पाठवली, लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसाने त्याच रात्री घेतली आणि उत्तरात लिहिलं की दोन वर्षं हा प्रश्न त्याच्या यादीत पडून होता, कारण सापडत नव्हता. त्या माणसाला मी कधी भेटलेले नाही. तो हे काम नोकरी सांभाळून करतो, पैसे कुणी देत नाही.

लेखात लायब्रऱ्यांबद्दल जी भीती व्यक्त केलीय ती खोटी नाही, हे मला कबूल आहे. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट पॅड नावाचा अकरा ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्यांचं सामायिक भांडार) काढून घेतला आणि त्याच्यावर टेकून असलेले जगभरातले प्रोजेक्ट बिल्ड व्हायचे, म्हणजे कोडपासून तयार व्हायचे, थांबले. २०१८ मध्ये इव्हेंट स्ट्रीम नावाची लायब्ररी थकलेल्या माणसाने विश्वासाने दुसऱ्याकडे सोपवली आणि त्या दुसऱ्याने आत बिटकॉइनचं पाकीट लुटणारा कोड घुसवला. हे सगळं खरं आहे. पण माझं म्हणणं असं की साडेतीनशे ओळी माणूस बसून वाचू शकतो. मी वाचल्यात, चहा गार होईपर्यंत झालं वाचून. वाचून झाल्यावर ते व्हर्जन पक्कं करून ठेवलं, आपोआप बदलू दिलं नाही, एक कॉपी स्वतःकडे घेतली. बाहेरच्या फुकट सेवेतली एक ओळ मात्र कुणालाच वाचता येत नाही, कारण तुमच्याकडे असतो फक्त पत्ता आणि खरा कोड त्यांच्या मशिनवर असतो. ती सेवा उद्या बंद झाली तर तुमची सगळी चिन्हं एका दिवसात जातील. लांबी मोजायची तर त्या न दिसणाऱ्या कोडचीही मोजा.

एका बाबतीत लायब्ररीवाल्यांनाही खडसावून सांगायला पाहिजे. आपला सर्व्हर कुणीही दिलेल्या पत्त्यावर जाऊन काहीतरी आणतो म्हटल्यावर कुणीतरी मुद्दाम आतला पत्ता देणारच, १२७.०.०.१ सारखा, जो मशिनचा स्वतःचाच पत्ता असतो, किंवा १६९.२५४.१६९.२५४, जिथून क्लाउडवरच्या मशिनच्या किल्ल्या मिळू शकतात. चिन्ह आण म्हणून सांगायचं आणि तिजोरीत डोकावायला लावायचं, असा तो प्रकार. त्यामुळे लायब्ररीने जाण्याआधी पत्ता तपासला पाहिजे, रीडायरेक्ट झालं, म्हणजे साइटने दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं, की प्रत्येक वळणावर पुन्हा तपासला पाहिजे, काही सेकंदांत उत्तर आलं नाही तर सोडून दिलं पाहिजे, आणि चिन्ह म्हणून कुणी शेकडो एमबी ओतायला लागलं तर मध्येच नळ बंद केला पाहिजे. हे ज्या लायब्ररीत नाही ती वापरू नये, ओळी कितीही कमी असोत. आमच्याकडच्या लायब्ररीत रीडायरेक्टनंतरची तपासणी नव्हती, आता आहे. आणि आमच्या टूलला आतल्या सर्व्हरकडे जायचंच होतं, तर त्यांची नावं आम्ही हाताने लिहून दिली, तेवढ्यांपुरती परवानगी, बाकी आतला कुठलाही पत्ता आला की नकार.

कुणी म्हणेल एवढ्याशा चित्रासाठी एवढं रामायण. पण त्या चित्रावर लोक खरोखर विश्वास टाकतात. पूर्वी हे चिन्ह पत्त्याच्या पट्टीत, जिथे सुरक्षित साइटचं कुलूप दिसायचं त्याच्या लगतच दिसायचं, तर फसवणारे लोक आपल्या साइटचं चिन्ह म्हणून कुलपाचंच चित्र लावायला लागले, आणि साइट सुरक्षित नसताना लोकांना कुलूप दिसायचं. २०१२ मध्ये फायरफॉक्सने १४ व्या व्हर्जनपासून पत्त्याच्या पट्टीतून फॅव्हिकॉन काढूनच टाकलं ते त्यामुळे. सोळा बाय सोळा ठिपक्यांची जागा, आणि तिच्यामुळे ब्राउझरची मांडणी बदलायला लागली.

आता शेवटचं, आणि हे तुमच्यासाठी. पत्र लिहायला बसण्याआधी मी ती लायब्ररी तुमच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर चालवली. तुमच्या पानात लिंकचा टॅग आहे, त्यात १९२ पिक्सेलचं पीएनजी असल्याचं लिहिलंय, पण तिथे गेल्यावर २०० म्हणत वेबपान येतं, मुखपृष्ठच येतं खरं तर. बहुतेक साइट नवीन केली तेव्हा फोल्डर बदललं आणि हा टॅग बदलायचा राहिला. मग लायब्ररी सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये गेली, तिथे तुमची जुनी आयसीओ फाइल आहे, तिच्यात एकच चित्र, १६ पिक्सेलचं, तुमच्या आधीच्या बोधचिन्हाचं. त्यामुळे ज्याने ज्याने तुमचा पेपर कुठल्या रीडरमध्ये जोडलाय त्याला आजही तेच जुनं चिन्ह दिसतंय, तेही ताणलेलं. पार्श्वभूमी पारदर्शक आणि अक्षर काळं असल्यामुळे ज्यांनी डार्क मोड लावलाय त्यांना बहुधा काहीच दिसत नाही. तुमच्या वेब बघणाऱ्या मंडळींना एवढं सांगा की टॅगमधला पत्ता सुधारा, आयसीओमध्ये ३२ आणि ४८ चं चित्रही घाला, आणि अक्षराच्या मागे पांढरा चौकोन द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. झालं की कळवा, मी पुन्हा चालवून बघते.

आपली,
एक नियमित वाचक